छंदाच्या रकान्यात बैल लिहावा का?

कन्नडमध्ये छापलेल्या नोकरीच्या अर्जात छंदाच्या रकान्यावर ‘हव्यासगळु’ असं लिहिलेलं असतं. कन्नडमध्ये हव्यास म्हणजे छंद. मराठीत हव्यास म्हणजे काय, ते सांगायला नको. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर, निपाणी, चिकोडीकडची मराठी पोरं हा शब्द शाळेपासून वाचत आलेली असतात, त्यांचं त्यात काही अडत नाही. अडतं ते रकाना भरताना. छंद आणि हव्यास यांच्या मधल्या जागेला आमच्या बोलीत एक नेमका शब्द आहे, नाद. ‘पोराला बैलांचा नाद हाय.’ हे वाक्य कौतुकाचं आहे की तक्रारीचं, ते बोलणाऱ्याच्या स्वरावरून ओळखायचं. मुलाखत घेणाऱ्याच्या कानात ते कुठल्या स्वरात पडेल याचा अंदाज नसतो, म्हणून पोरं तो रकाना खोटा भरतात. वाचन, संगीत ऐकणे, क्रिकेट.

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका मशीन शॉपमध्ये मी चोवीस वर्षं आहे. गेली अकरा वर्षं नवीन मुलं घेताना मुलाखतीच्या टेबलावर बसतो. रविवारी गावातल्या देवळाच्या सभागृहात मुलांची मुलाखतीची तयारीही करून घेतो. तिथं कित्येक वर्षं मी सगळ्यांना एकच सांगायचो, वाद होईल असं काही बोलू नका. बैल, मिरवणूक, संमेलन यातलं काही कागदावर आणू नका. तो सल्ला चुकीचा होता असं आज माझं मत आहे. माझं ऐकून गेलेली पुष्कळ मुलं या भागात आहेत, म्हणून हे जाहीरपणे लिहिणं मला गरजेचं वाटतं.

चार वर्षांपूर्वी ट्रेनी घ्यायचे होते. खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यातला, मेकॅनिकल डिप्लोमा झालेला मुलगा समोर बसला. इस्त्रीचा पांढरा शर्ट, नवे बूट, प्लास्टिकच्या फाइलीत बायोडाटा. छंद : वाचन, संगीत ऐकणे. तांत्रिक प्रश्न बरे गेले होते. मी सहज विचारलं, “अलीकडं काय वाचलंस?” तो गप्प. मग म्हणाला, “पेपर वाचतो सर.” “कुठला?” पुन्हा गप्प. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या आणि आवाजच बसला. मघाशी मायक्रोमीटरचा लीस्ट काउंट धडाधड सांगणारा मुलगा आता व्हर्निअर हातात धरून नुसता बघत राहिला.

त्या वेळी त्याच्या उजव्या तळहातावरचा वण मला दिसला. आडवा, जुना, कातडी गुळगुळीत झालेली. “हे काय गा?” म्हटल्यावर हात झटकन टेबलाखाली गेला.

“कासरा लागला सर.”

“कशात?”

“शर्यतीत.”

“बैल हायत घरी?”

हा प्रश्न मी आमच्या बोलीत विचारला आणि मुलगा खुर्चीत जरा सरळ झाला. पुढची दहा मिनिटं तोच बोलत होता. खिलार खोंड चिंचलीच्या मायाक्काच्या यात्रेत घेतलेला. त्याला हुलगे किती, पेंड किती, कणकेचा गोळा कधी. डावीकडचा बैल पाय हलका टाकायला लागला की खुरात काहीतरी शिजतंय हे दोन दिवस आधी कळतं, डोळ्यांना दिसत नाही, माती उडण्यावरून कळतं. दोनशे पानी वहीत तो रोज नोंद करायचा : खुराक, पळवलेलं अंतर, वेळ, हवा कशी होती. त्याच्या दोन वह्या भरल्या होत्या. मशीनची रोजची नोंद ठेवा म्हणून आम्ही शिकल्यासवरल्या ऑपरेटरना महिन्यातून चारदा सांगतो. इथं एक मुलगा कुणी न सांगता दोन वर्षं नोंदी ठेवत होता, आणि त्याच्या बायोडाटात त्याचा एक शब्द नव्हता. हा सल्ला त्याला माझ्यासारख्याच कुणीतरी दिलेला असणार.

माझ्या शेजारी बसलेले सहकारी मुक्या जनावरांच्या बाबतीत फार हळवे आहेत. त्यांनी विचारलं, “चाबूक मारतोस?” खोलीत पंख्याचा आवाज तेवढा राहिला. मुलगा म्हणाला, “मारलाय सर. एकदा पराणीनं रक्त काढलं. त्या रातीला बैलानं पेंडीला तोंड लावलं न्हाई. तवापास्नं बाबा हातात काय धरू देत न्हाईत, आणि मला बी नको वाटतंय.”

सहकाऱ्यांनी त्याच्या विरोधात मत दिलं. ज्यानं एकदा जनावराला टोचलं तो आपल्या हाताखाली नको, असं ते स्पष्ट म्हणाले, आणि त्यांच्या मताचा मी आजही आदर करतो. तरी मुलाला घेतलं. त्यात माझ्या मुद्द्याचा विजय नव्हता. जागा तीन होत्या, डिप्लोमावाले चारच आले होते. मला त्या दिवसातलं महत्त्वाचं वाटतं ते वेगळं. ‘वाचन’ लिहिल्यामुळे तो मुलगा त्याला येत होतं तेही विसरला होता, आणि बैलाचं खरं सांगितल्यावर त्याला ते सगळं पुन्हा आठवलं. नंतर मी व्हर्निअर पुन्हा हातात दिला, तेव्हा त्यानं रीडिंग बरोबर सांगितलं.

खोट्या छंदाचं हे नुकसान बाहेरून दिसत नाही. लोकांना वाटतं, एवढंसं खोटं, कुणाचं काय बिघडतं? पण मुलाखतीत छंदाचा प्रश्न बहुतेक सुरुवातीला येतो, मुलाची भीड चेपावी म्हणून. तिथंच खोटं सुरू झालं की पुढचा सगळा वेळ त्याचं अर्धं लक्ष ते सांभाळण्यात जातं. समोरचा माणूसही कच्च्या गुरूचा नसतो. दुसऱ्या प्रश्नाला त्याला कळतं, आणि मग डिप्लोमाच्या टक्क्यांबद्दलही त्याच्या मनात शंका येते.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. छंद वादग्रस्त असेल तर?

वादग्रस्त म्हणजे काय हे आधी नीट बघायला हवं, कारण आमच्या भागात हा शब्द तारखेनुसार आणि गावानुसार बदलत आलाय. प्राण्यांशी क्रूरपणे वागायला मनाई करणारा कायदा १९६० चा. जुलै २०११ मध्ये केंद्रानं, ज्या प्राण्यांचे खेळ करायला बंदी आहे त्यांच्या यादीत बैलाचा समावेश केला. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं जल्लिकट्टूबरोबर (तामिळनाडूतला बैल आवरायचा खेळ) बैलगाडी शर्यतींवरही बंदी आणली. मग २०१७ मध्ये तामिळनाडू, महाराष्ट्र आणि कर्नाटक या तिन्ही राज्यांनी कायद्यात आपापल्या दुरुस्त्या केल्या. कर्नाटकाच्या दुरुस्तीत कंबळा (चिखलातली रेड्यांची शर्यत) आणि बैलगाडी शर्यत दोन्ही आहेत, आणि तिला २०१८ च्या सुरुवातीला राष्ट्रपतींची संमती मिळाली. महाराष्ट्रातल्या शर्यती मात्र न्यायालयाच्या स्थगितीमुळे डिसेंबर २०२१ पर्यंत बंदच राहिल्या. म्हणजे जवळपास चार वर्षं अशी गेली की निपाणीच्या बाजूला कायदा शर्यतीला वाट देत होता आणि वीसेक किलोमीटरवर महाराष्ट्रात कागलच्या बाजूला तीच जोडी जुंपली तर गुन्हा होता. शेवटी १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं तिन्ही राज्यांच्या दुरुस्त्या वैध ठरवल्या.

एवढा तपशील मुद्दाम दिला. शर्यतीचा नाद असलेल्या मुलाला हा इतिहास पाठ असायला हवा असं माझं म्हणणं आहे. मुलाखत घेणाऱ्याच्या डोक्यात २०१४ ची बातमी अडकून राहिलेली असू शकते. ‘ते तर बंद आहे ना?’ असा प्रश्न आला की खाली मान घालणारा मुलगा आणि ‘बंदी होती सर, २०२३ साली घटनापीठाचा निकाल आलाय, आता अटी पाळून होतात’ असं शांतपणे सांगणारा मुलगा, यांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. दुसरा मुलगा आपल्या नादाविषयी जबाबदारीनं विचार करणारा आहे, हे समोरच्याला आपसूक कळतं.

कायद्यानं परवानगी दिली म्हणून वाद मिटत नाही, हेही त्याच मुलाला ठाऊक हवं. बैलाच्या शेपटीला चावणारी माणसं मी मैदानावर पाहिली आहेत. पराणी पाहिली आहे. शर्यत संपल्यावर तोंडाला फेस आलेला, पाय थरथरणारा बैल पाहिला आहे. जो मुलगा म्हणतो ‘आमच्यात जनावरांना काही त्रास होत नाही’, त्याच्यावर मी विश्वास ठेवणार नाही. ज्याला आपल्या नादाची वाईट बाजू सांगता येते, तोच त्याविषयी मुलाखतीत बोलायला लायक आहे. ती सांगायची तयारी नसेल तर विषयच काढू नये.

मालक लोकांच्या मनातली भीती बऱ्याचदा वेगळीच असते आणि ती मी टेबलाच्या या बाजूनं जवळून पाहिली आहे. पराणीचा विचार दहातला एखादा करतो, बाकीचे रजेचा करतात. माघापासून चैत्रापर्यंत यात्रांचा हंगाम, ज्येष्ठ पौर्णिमेला कर्नाटकी बेंदूर, म्हणजे बैलांचा सण, बैल पळवून कर (वेशीवरचं तोरण) तोडायचा दिवस. त्या दिवशी हा शिफ्टला येणार का? दुसरी भीती हाताची. कासऱ्यानं बोट गेलं तर मशीनवर कोण उभा राहणार? तिसरी पैशाची. जोडीवर आणि खुराकावर जाणारा पैसा, त्यासाठी काढलेलं कर्ज, आणि त्यातून ॲडव्हान्ससाठी दर महिन्याला ऑफिसच्या दारात उभा राहणारा कामगार. चौथी भीती मैदानावरच्या भांडणाची, पोलीस केसची. या चारही भीती खोट्या नाहीत. मग त्या मालकाच्या मनातच का राहू द्यायच्या? मुलानं आपणहून सांगावं, “वर्षात तीन दिवस रजा लागते सर, ती महिनाभर आधी सांगेन.” या एका वाक्यानं निम्मं काम होतं. लपवलं तर तीच रजा पुढं ‘आजी वारली’ म्हणून घेतली जाते, आणि एकेका मुलाच्या चार-चार आज्या वारलेल्या मी पाहिल्या आहेत. खोटं एकदा सुरू झालं की नोकरीभर चालू राहतं.

आता समोरच्या बाजूचा सर्वांत वजनदार युक्तिवाद. मुलाखत म्हणजे कबुलीजबाब नव्हे. पोटाचा प्रश्न असतो, घरी बहिणीचं लग्न असतं, आणि तुम्ही टेबलामागून सत्याच्या गोष्टी सांगता. हे मला माझ्या मुलीनंच ऐकवलं. तिचं चुकलेलं नाही. सगळं सांगायला कुणीही बांधलेला नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की रकाना कोरा ठेवा, पण खोटा भरू नका. विचारलं तर जे खरोखर करता ते सांगा, आणि न विचारता सांगायचं असेल तर त्या कामाशी त्याचा धागा जुळत असेल तेव्हाच सांगा. बँकेच्या काउंटरवरच्या नोकरीसाठी बैलाची गोष्ट काढायचं कारण नाही. मशीन शॉप, पशुखाद्य कारखाना, दूध संघ, शेती अवजारांचं दुकान इथं मात्र ती गोष्ट म्हणजे अनुभव आहे.

काही नाद असे आहेत की त्यांच्याबाबत सांगावं की सांगू नये हा प्रश्नच उद्भवत नाही. टगरांच्या (एडक्यांच्या) टकरी, कोंबड्यांच्या झुंजी : जनावरांना एकमेकांवर सोडणं १९६० च्या कायद्यानंच गुन्हा आहे आणि त्याला कुठल्या राज्याच्या दुरुस्तीचा आधार नाही. शर्यतीवर लावलेला पैसा जुगार आहे. मोबाइलवर पैसे लावून रमी खेळण्यावर ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्रानं कायद्यानं बंदी आणली. रमीपायी पगार हरणारी दोन मुलं माझ्याच शिफ्टमध्ये होती. त्यांना मी मुलाखतीत लपवा असं सांगणार नाही, सोडा असंच सांगेन.

आणि हल्ली लपवलेलं लपत तरी कुठं? मुलगा बायोडाटात ‘वाचन’ लिहितो आणि त्याच मोबाइलवर गुलालानं माखलेल्या जोडीसमोर फेटा बांधून उभा असलेली रील असते, खाली ‘नाद करायचा न्हाय’. ऑफिसातली मुलगी मुलाखतीच्या आदल्या दिवशी पाच मिनिटांत ती शोधून काढते. समोरच्यानं रील पाहिली आहे हे मुलाला माहीत नसतं आणि तो संगीताबद्दल बोलत राहतो. तो प्रसंग मी दोनदा पाहिला, दोन्ही वेळा मला त्या मुलाची कणव आली.

इथवर बैलाचं झालं. आमच्या भागात याहून अवघड एक छंद आहे, आणि मी इतकी वर्षं चुकीचा सल्ला का देत राहिलो याचं कारण तोच आहे.

कडोली, येळ्ळूर, उचगाव, सांबरा, कुद्रेमानी अशा गावांत दरवर्षी मराठी साहित्य संमेलनं भरतात. लोकवर्गणीतून मांडव उभा राहतो, सकाळी ग्रंथदिंडी निघते, बायका डोक्यावर कलश घेऊन चालतात, दुपारी हजारो लोकांना जेवण, मग कविसंमेलन. महाराष्ट्रातल्या माणसाला हा निखळ वाङ्मयीन छंद वाटेल. मी विशीपासून अशा एका संमेलनात स्वयंसेवक आहे. सतरंज्या घालणे, वर्गणीची पावती फाडणे, स्मरणिकेची मुद्रितं तपासणे. १९९८ साली एका कार्यालयात मुलाखतीला गेलो तेव्हा छंद म्हणून हे मी अभिमानानं लिहिलं होतं. समोरच्या साहेबांनी कागदावरून नजर वर केली आणि विचारलं, “म्हणजे समितीचे का तुम्ही?” समिती म्हणजे बेळगाव महाराष्ट्रात यावं म्हणून लढणारी महाराष्ट्र एकीकरण समिती. मी म्हणालो, मी मुद्रितं तपासतो. त्यांनी फाइल मिटली. नोकरी मिळाली नाही. कशामुळे, ते मला कुणी सांगितलं नाही, आणि माझ्यापेक्षा चांगला उमेदवार असेलही. पण परतीच्या बसमध्ये मी मनाशी ठरवलं की हा विषय पुन्हा कागदावर आणायचा नाही. पुढं तीच भीती मी सल्ला म्हणून दुसऱ्यांच्या मुलांना वाटत राहिलो.

आज मागं वळून पाहताना त्या साहेबांची शंका मला अगदीच निराधार वाटत नाही. बेळगावात साहित्य आणि सीमाप्रश्न कधी वेगळे नव्हतेच. १९४६ साली माडखोलकरांच्या अध्यक्षतेखाली मराठी साहित्य संमेलन याच गावात भरलं आणि संयुक्त महाराष्ट्राचा ठराव तिथं झाला. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेलं. तेव्हापासून तो दिवस इथल्या निम्म्या घरांत राज्योत्सव आणि निम्म्या घरांत काळा दिन आहे. कन्नड बाजूनंही मार्च २०११ मध्ये विश्व कन्नड संमेलन बेळगावातच भरवलं, तेही काही केवळ कवितेसाठी नव्हतं. महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात पडून आहे. अशा गावात कुणी ‘साहित्य संमेलन’ म्हटलं की समोरच्या कन्नड माणसाच्या कानात आधी ‘संमेलन’ वाजतं, ‘साहित्य’ मागून येतं.

म्हणून तो विषय टाळावा का? माझं उत्तर आता नाही असं आहे. पण मी १९९८ साली जसा सांगितला तसा सांगू नये. मी नुसतं नाव सांगितलं आणि अर्थ लावायचं काम समोरच्यावर सोडलं. मी सांगायला हवं होतं की तीन हजार लोकांच्या जेवणाचा हिशेब मी एका वहीत ठेवतो आणि तो गावासमोर वाचून दाखवतो. मी कन्नडमधूनही बोलायला हवं होतं. मला कन्नड येत होतं. बेंद्र्यांच्या कविता मी कन्नडमध्ये वाचल्या होत्या, आणि घरी मराठी बोलणारा माणूस कन्नडचा एवढा मोठा कवी होऊ शकतो याचं मला अप्रूप होतं. ते तोंडातून निघालंच नाही. शंका आली त्या क्षणी मी ताठरलो आणि साहेबही ताठरले. ज्याला मराठी संमेलनाबद्दल बोलायचं आहे त्यानं दोन वाक्यं स्वच्छ कन्नडमध्ये बोलावीत, असं मी आता मुलांना सांगतो. ते मिंधेपण आहे असं काही मित्रांना वाटतं. मला तसं वाटत नाही. ज्या भागात नोकरी करायची त्या भागातल्या गिऱ्हाइकाशी, कामगाराशी बोलता येतं हे दाखवणं हा कामाचाच भाग आहे, आणि तेवढ्यानं माझी मराठी कमी होत नाही.

काळा दिन, मोर्चा, पक्ष, मत कुणाला दिलं यांची गोष्ट मात्र वेगळी. हा छंद नव्हे, ही नागरिकाची मतं आहेत. ती न विचारता सांगू नयेत आणि विचारली तर ‘याचा कामाशी संबंध नाही सर’ असं नम्रपणे म्हणावं. कुणी म्हणेल, भाषेवरून भेदभाव करायला बंदीच आहे ना? सरकारी नोकरीबद्दल राज्यघटनेच्या सोळाव्या कलमात धर्म, वंश, जात, लिंग, कूळ, जन्मस्थान आणि निवास यांवरून भेद करायला मनाई आहे. त्या यादीत भाषा नाही. खाजगी कंपनीला तर हे कलम लागूच होत नाही. केंद्र सरकारनं १ जानेवारी २०१६ पासून खालच्या स्तरावरच्या पदांच्या मुलाखती बंद केल्या, त्यामुळे आमच्या मुलांचा मुलाखतीशी संबंध येतो तो बहुतेक खाजगीत. म्हणजे जिथं कायद्याचं संरक्षण सर्वांत कमी, नेमका तिथंच हा प्रश्न सर्वांत जास्त विचारला जातो. हे लक्षात ठेवूनच मी खरं सांगा म्हणतोय.

वरच्या परीक्षांत तर पळवाटच नाही. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेच्या अर्जात छंद लिहून द्यावे लागतात आणि एकूण २०२५ गुणांपैकी २७५ गुण मुलाखतीचे असतात. तिथं ‘वाचन’ लिहिणाऱ्याला पुस्तकांवरून अर्धा तास सोलून काढतील अशी माणसं बसलेली असतात.

मुलींचं दुखणं आणखी वेगळं. त्यांचा घराबाहेरचा कुठलाही छंद वादग्रस्तच ठरतो. किल्ले चढणारी, बुलेट चालवणारी, साप धरून जंगलात सोडणारी मुलगी समोर आली की पहिला प्रश्न येतो, “घरचे पाठवतात?” माझ्या शेजारी बसून हा प्रश्न विचारला गेलाय आणि त्या वेळी मी गप्प बसलो, याची मला आजही खंत आहे. मुलाला कुणी विचारत नाही की शर्यतीला घरचे पाठवतात का.

आणि म्हणून हा प्रश्न एकट्या उमेदवाराच्या गळ्यात बांधणं मला अन्यायाचं वाटतं. रकाना आम्ही छापतो. उत्तर ऐकायची तयारी नसेल तर आम्ही तो छापू नये. आमच्या शॉपमध्ये दोन वर्षांपूर्वी आम्ही ‘छंद’ हा शब्द काढला आणि त्या जागी विचारायला लागलो : ‘शाळा-कॉलेजाबाहेर सलग दोन वर्षं केलेली एखादी गोष्ट लिहा.’ तेव्हापासून ‘संगीत ऐकणे’ जवळजवळ आलेलंच नाही. सोंगी भजन आलं, गणपतीच्या मूर्तींना डोळे रंगवणं आलं, आजारी आजोबांची सेवा आली, म्हैस राखणं आलं. एका मुलानं लिहिलं, ‘दोन वर्षं काहीच केलं नाही, मोबाइल बघितला.’ त्याच्याशी आमच्या गप्पा सर्वांत मोकळ्या झाल्या. बैलही आले, चार अर्जांत. दोघांना आम्ही घेतलं, दोघांना नाही, आणि ज्यांना घेतलं नाही त्यांना कारण सांगितलं : ड्रॉइंग वाचता येत नाही, शिकून पुन्हा या.

तळहातावर वण असलेला तो मुलगा आता दुसऱ्या शिफ्टला सीएनसीवर असतो. कामगार म्हणून चांगला आहे, असामान्य वगैरे नाही. गेल्या वर्षी बेंदराच्या महिनाभर आधी त्याचा रजेचा अर्ज माझ्या टेबलावर आला. कारणाच्या जागी त्यानं कन्नडमध्ये लिहिलं होतं, ‘कारहुण्णिमे’, आणि खाली मराठीत, ‘बैलांचा सण’. मी सुट्टीवर होतो, म्हणून त्यावर सही केली ती त्याच्या विरोधात मत दिलेल्या सहकाऱ्यांनी. ते आजवर शर्यतीच्या मैदानावर फिरकलेले नाहीत. परवा चहाच्या सुट्टीत दोघं टाकीजवळ उभे राहून तावातावानं बोलत होते. सहकारी म्हणत होते, पराणी गेली तरी पळवणं हाच त्रास आहे. मुलगा म्हणत होता, पळवलं नाही तर खिलार कोण पाळणार सर, कसाई? भोंगा वाजला तरी दोघांचं संपलं नव्हतं.